सुवर्णपदक मिळालं, पण व्हायोलिन चार वर्षांनी परत द्यायचंय: ऑगुस्टिन हाडेलिखची २००६ ते २०१० ची गोष्ट

माझ्याकडे व्हायोलिन शिकायला येणाऱ्या पोरांचे आईवडील एक प्रश्न नेहमी विचारतात, की स्पर्धा जिंकली की झालं ना, मग पुढचं आपोआप होतं ना? दरवेळी मला व्हायोलिनवादक ऑगुस्टिन हाडेलिखचंच उदाहरण द्यावं लागतं. तोंडी सांगताना अर्धं राहून जातं, म्हणून आज एकदाच सगळं नीट लिहून काढतेय. वेस्टर्न क्लासिकलमधे तरुण सोलोइस्टचं (ऑर्केस्ट्रापुढे एकट्याने वाजवणाऱ्याचं) करिअर सुरुवातीच्या वर्षांत नेमकं कसं उभं राहतं हे कळायला मला यापेक्षा चांगली केस सापडलेली नाही. कारण इथे पदक आहे, उसनं वाद्य आहे, घड्याळ लावलेलं आहे आणि शेवट काय झाला तेही आज आपल्याला माहीत आहे.

आधी थोडं मागचं. ऑगुस्टिन हाडेलिखचा जन्म १९८४ चा, इटलीतला, आईवडील जर्मन. टस्कनीत घरची शेती, दोन मोठे भाऊ तेही वाजवणारे. मोठ्या शहरात एका नामांकित गुरूकडे रोज धडे असलं काही नव्हतं. सुरुवात वडिलांकडे झाली आणि मग उटो उघी, क्रिस्टोफ पॉपेन, इगोर ओझिम, अमाडेउस क्वार्टेटचे नॉर्बर्ट ब्रायनिन अशा मोठ्या लोकांकडे मधूनमधून शिकणं, बाकी वेळ आपलं आपण. लहान वयातच कार्यक्रम करायला लागला होता, म्हणजे 'चाइल्ड प्रॉडिजी' म्हणतात त्यातलाच. आणि १९९९ साली, वय वर्षं पंधरा, शेतावर आग लागली आणि तो भयंकर भाजला. चेहरा, अंगाचा वरचा भाग आणि उजवा हात, म्हणजे बो (तारांवर फिरवायचा गज) धरायचा हात. विमानाने जर्मनीत हॉस्पिटलला नेलं. पुन्हा वाजवता येईल की नाही याची कुणालाच खात्री नव्हती.

इथे जरा थांबते, कारण न वाजवणाऱ्यांना वाटतं की डावा हात वाचला ना, सूर तर डावा हातच काढतो. नाही हो. बोचं वजन साधारण ६० ग्रॅम असतं. तो उजव्या हातात धरला की बुडाकडे (हाताजवळच्या बाजूने) वाजवताना जड लागतो आणि टोकाकडे हलका. म्हणजे बुडाकडे असताना वाकवून काठीवर टेकवलेली करंगळी त्याचं वजन उचलून धरते, आणि टोकाकडे जाताना करंगळी हळूहळू मोकळी होत तर्जनी दाब द्यायला लागते. आणि हे एका स्ट्रोकमधे, दोन सेकंदात, अजिबात सांधा न दिसता व्हायला हवं, दिवसातून हजारो वेळा. भाजल्यावर कातडी बरी होताना आखडते. त्या आखडलेल्या कातडीच्या हाताने करंगळीचं हे काम पुन्हा शिकणं काय असेल याची मी कल्पना करून बघते आणि पोटात कसंतरी होतं. तो परत उभा राहिला, पण या गोष्टीला करिअरचं कारण मानू नये असं माझं मत आहे. लोक मुलाखतीत सारखं आगीबद्दल विचारतात, पण ऑर्केस्ट्रावाले दुसऱ्यांदा बोलावतात ते कहाणीसाठी नाही बोलवत.

२००४ मधे तो न्यूयॉर्कला ज्युलियार्ड या संगीतशाळेत गेला, जोएल स्मिरनॉफकडे शिकायला. वय वीस. हातात मोठी रेकॉर्ड कंपनी नाही आणि बालकलाकार म्हणून जी काय ओळख होती ती मधल्या वर्षांत विरलेली. हे वय फार वाईट असतं सोलोइस्टसाठी, 'लहान आहे तरी किती छान' हे कौतुक संपलेलं असतं आणि 'मोठा कलाकार' म्हणायला अजून कुणी तयार नसतं.

आता मूळ केस. सप्टेंबर २००६, इंडियानापोलिसची आंतरराष्ट्रीय व्हायोलिन स्पर्धा. ही दर चार वर्षांनी होते, १९८२ पासून. सुरू केली ती योझेफ गिंगोल्ड यांनी, क्लीव्हलँड ऑर्केस्ट्राचे जुने कॉन्सर्टमास्टर (पहिल्या खुर्चीवरचे मुख्य व्हायोलिनवादक) आणि नंतर इंडियाना युनिव्हर्सिटीत मोठे शिक्षक, आजचा प्रसिद्ध व्हायोलिनवादक जोशुआ बेल त्यांचाच विद्यार्थी. हाडेलिखने २००६ चं सुवर्णपदक घेतलं, तेव्हा तो २२ वर्षांचा होता. पदकाबरोबर पैसे आणि काही कार्यक्रम तर होतेच, पण सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे गिंगोल्ड यांचं स्वतःचं स्ट्रॅडिव्हरी (इटलीतल्या स्ट्रॅडिव्हरी या जगप्रसिद्ध कारागिराने बनवलेलं व्हायोलिन), १६८३ चं, 'एक्स-गिंगोल्ड' म्हणतात ते, चार वर्षं वापरायला. चार वर्षांनी पुढचा विजेता आला की ते त्याला किंवा तिला जाणार.

म्हणजे परिस्थिती अशी, एका बावीस वर्षांच्या मुलाच्या हातात सव्वातीनशे वर्षं जुनं वाद्य आहे, स्वतःचं नाही, विकत घ्यायची तर गोष्टच सोडा. स्ट्रॅडिव्हरीचे भाव काय असतात त्याचा अंदाज हवा असेल तर २०११ मधे 'लेडी ब्लंट' नावाचं १७२१ चं व्हायोलिन लिलावात १.५९ कोटी डॉलरला गेलं. सगळीच इतकी महाग नसतात, पण एका वाजवणाऱ्याच्या कमाईतून यातलं काहीच येत नाही. त्यामुळे आजचे बहुतेक तरुण सोलोइस्ट कुठल्यातरी ट्रस्टच्या, फाउंडेशनच्या किंवा श्रीमंत संग्राहकाच्या वाद्यावर वाजवतात. विमा, ठराविक दिवसांनी कारागिराकडे तपासणी, कधी देणगीदारांसाठी खाजगी मैफल, अशा अटी सांभाळून.

चार वर्षं ऐकायला पुष्कळ वाटतात. मी पण आधी तसंच समजत होते, आणि इथेच खरी मेख आहे. मोठे ऑर्केस्ट्रा आपला सीझन साधारण दीड ते दोन वर्षं आधी ठरवतात. कोण कंडक्टर, कोण सोलोइस्ट, कुठला कॉन्चेर्तो (सोलोइस्ट आणि ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली मोठी रचना), सगळं. म्हणजे सप्टेंबर २००६ ला तुम्ही जिंकलात तेव्हा २००६-०७ चा सीझन सुरू झालेला आहे आणि २००७-०८ बराचसा भरलेला आहे. स्पर्धेने स्वतः जोडून दिलेले कार्यक्रम होतात, ते बरेचदा छोट्या शहरांतले ऑर्केस्ट्रा आणि रिसायटल (ऑर्केस्ट्राशिवायच्या मैफली) सिरीज असतात. मोठी नावं तुम्हाला घ्यायला लागतात ती २००८ च्या पुढे, आणि तोवर निम्मी मुदत गेलेली. आणि २००९ पासूनच लोक कुजबुजायला लागतात की पुढच्या वर्षी नवा विजेता येणार. म्हणजे चार वर्षांच्या घड्याळात खरं काम करायला मिळतात ती जेमतेम दोन-अडीच वर्षं.

हाडेलिखच्या तारखा बघितल्या की हे बरोबर जुळतं. कार्नेगी हॉलमधलं पदार्पण २००८. एव्हरी फिशर करिअर ग्रँट, म्हणजे तरुण वादकांसाठीचा अमेरिकेतला मानाचा पुरस्कार, २००९. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर पहिल्यांदा २०१०. पदकानंतर लगेच काही धमाका झालेला नाही.

या मधल्या काळात नेमकं काय होत होतं ते कागदावर दिसत नाही, पण या धंद्याचा आठवडा कसा असतो ते सांगते म्हणजे चित्र येईल. सोलोइस्ट दोन-तीन दिवस आधी शहरात पोचतो. कंडक्टरबरोबर एका खोलीत पियानोवर किंवा नुसतं तोंडाने टेम्पो ठरवतात, कुठे थांबायचं, कुठे ऑर्केस्ट्राने वाट बघायची. मग एक रिहर्सल, बरेचदा तासाभराची पण नाही, मग कार्यक्रमाच्या दिवशी एकदा वाजवून बघायचं, संध्याकाळी लोकांसमोर. दुसऱ्या दिवशी विमान. फी मिळते ती कार्यक्रमाची, सरावाचे पैसे वेगळे नाहीत, प्रवास आणि राहणं बरेचदा त्याच फीमधून, आणि मॅनेजरचं कमिशन साधारण १५ ते २० टक्के. नव्या माणसाला हातात फार काही उरत नाही हो.

आता त्या संध्याकाळी समजा बेथोव्हनचा कॉन्चेर्तो आहे. सुरुवात टिंपनीच्या (मोठ्या नगाऱ्यांच्या) ठोक्यांनी, मग ऑर्केस्ट्रा मोठी प्रस्तावना वाजवतो आणि तुम्ही तीनेक मिनिटं नुसते उभे, व्हायोलिन खाली धरून, बोटं थंड पडतायत, समोर हॉलभर लोक. तुमचा प्रवेश ८९ व्या बारमधे (बार म्हणजे तालाचा एक ठरलेला तुकडा). आणि प्रवेश कसला, तर एकट्याने वर चढत जाणारे ऑक्टेव्ह. दोन बोटं दोन तारांवर, तोच स्वर आधी खालचा आणि लगेच वरचा, केसाइतकं अंतर चुकलं तरी मागच्या रांगेतल्या माणसाला बेसूर कळतं, आणि आधी एक स्वर वाजवून कान जुळवायची सोय नाही. ब्राम्समधे पण हीच तऱ्हा, ९० व्या बारपर्यंत वाट बघायची आणि मग एकदम आगीत उडी. उलट मेंडेल्सझोनमधे ऑर्केस्ट्रा जेमतेम दीड बार वाजवतो की तुम्ही आत. घरी खोलीत हे सगळं सगळ्यांना येतं. नव्या हॉलमधे, एका रिहर्सलवर, जेट लॅगमधे, वर्षातल्या प्रत्येक आठवड्यात येणं म्हणजे सोलोइस्ट.

आणि त्या आठवड्यात ऑर्केस्ट्रातले लोक तुम्हाला बघत असतात. क्लॅरिनेटवाल्याच्या फ्रेजला तुम्ही ऐकून उत्तर दिलंत की आपलं आपलं वाजवत गेलात, रिहर्सलला वेळेवर आलात की नाही, कंडक्टरने टेम्पो थोडा ओढला तर चिडलात का. कार्यक्रमानंतर प्रोग्रॅम ठरवणारा माणूस कॉन्सर्टमास्टरला विचारतो, कसा होता? त्या एका उत्तरावर दुसरं बोलावणं अवलंबून. पहिलं बोलावणं पदकामुळे येतं, दुसरं फक्त याच्यामुळे. माझ्या मते या केसचा गाभा हाच आहे, आणि हाडेलिखचं सगळं करिअर त्या दुसऱ्या, तिसऱ्या बोलावण्यांवर उभं आहे.

मॅनेजर लोकांना अजून एक गोष्ट फार आवडते, ती म्हणजे ऐनवेळी बदली. कुणी मोठा कलाकार आजारी पडतो, परवा कार्यक्रम आहे, आणि फोन येतो की अमुक कॉन्चेर्तो तयार आहे का. 'हो' म्हणता यायला तो कॉन्चेर्तो आज बोटात असावा लागतो, तीन आठवड्यांत तयार करतो म्हणून चालत नाही. ज्यांच्याकडे पंधरा-वीस कॉन्चेर्तो कायम तयार असतात त्यांनाच ही संधी पकडता येते. म्हणून मी मोठ्या मुलांना नेहमी सांगते, एकच कॉन्चेर्तो दोन वर्षं घासून स्पर्धा जिंकाल, पण पुढच्या सोमवारी काय वाजवणार?

आता त्याने केलेली निवड, जी मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. या वर्षांतली आणि लगेच नंतरची त्याची रेकॉर्डिंग बघा. नॅक्सॉस या रेकॉर्ड कंपनीसाठी हायडनचे कॉन्चेर्तो. टेलेमानच्या सोलो फँटसिया, बारा, नुसतं व्हायोलिन, बरोबर कुणी नाही. मग २००९ मधे 'फ्लाइंग सोलो' नावाची सीडी, ती पण पूर्ण एकट्याची, बार्टोकचा सोनाटा, इझाय, पागानिनी आणि झिमरमान. म्हणजे पदक मिळालेला पोरगा चायकोव्स्की आणि सिबेलिउस रेकॉर्ड करून बाजारात येत नाहीये, जिथे आधीच पन्नास उत्तम रेकॉर्डिंग पडलेली आहेत. तो अशी गोष्ट करतोय जिथे लपायला जागाच नाही. एकट्या व्हायोलिनच्या सीडीत ऑर्केस्ट्रा झाकून घेत नाही, पियानो सावरून घेत नाही. आणि खर्चही कमी लागतो हे पण खरं आहे, हे काही नुसतं उच्च ध्येय नसेल, नव्या माणसाला ऑर्केस्ट्रा भाड्याने घ्यायला कोण पैसे देणार. पण ज्यांनी ऐकलं त्यांना हा मुलगा कुठल्या तोडीचा आहे ते कळलं.

काही जण म्हणतील की यात त्याचं काय, स्पर्धाच मोठी होती. मग बाकीचे विजेते बघा ना. १९८२ ची मिहाएला मार्टिन, १९८६ ची क्योको टाकेझावा, १९९४ ची ज्युलिएट कांग, १९९८ ची युडिथ इंगोल्फसन, २००२ चा बार्नाबास केलेमेन. सगळे कमालीचे वाजवणारे. पण वाटा किती वेगळ्या, ज्युलिएट कांग फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रात पुढच्या खुर्चीवर बसते, कुणी शिकवण्यात नाव केलं, कुणी चेंबर म्युझिकमधे (मोजक्या वादकांच्या गटात) जास्त रमलं. ही वाट हलकी आणि ती भारी असं मी अजिबात म्हणत नाहीये, ऑर्केस्ट्राची पुढची खुर्ची मिळणं हे स्वतःच आयुष्यभराचं काम आहे. म्हणणं एवढंच की तेच पदक, आणि पुढे प्रत्येकाचं वेगळं झालं. म्हणजे पदकात पुढचं लिहिलेलं नसतं.

आणि मग आलं २०१०. मुदत संपली, पुढची स्पर्धा झाली, क्लारा-जुमी कांग जिंकली, एक्स-गिंगोल्ड परत. न वाजवणाऱ्यांना हे गाडी बदलण्यासारखं वाटेल पण तसं नसतं. चार वर्षं तुम्ही एका वाद्याशी रोज सहा-सात तास बोलताय, कुठला स्वर उशिरा उठतो, सगळ्यात खालच्या 'जी' (G) तारेवर वर कुठे आवाज घोगरा होतो आणि तिथे बो किती ब्रिजजवळ (तारांखालच्या घोडीजवळ) न्यायचा, पियानिस्सिमो (अगदी हलका आवाज) किती खाली नेलं तरी हॉलच्या शेवटापर्यंत पोचतं, हे सगळं हातात मुरलेलं असतं. नवं वाद्य आलं की ते सगळं पुन्हा. महिने लागतात. आणि याच वर्षी तो न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर पहिल्यांदा उभा राहतोय.

त्याला स्ट्रॅडिव्हरी सोसायटीमार्फत (ही संस्था संग्राहकांची वाद्यं वादकांना वापरायला मिळवून देते) १७२३ चं 'एक्स-कीझवेटर' मिळालं, ते पण उसनंच. या व्हायोलिनची एक गोष्ट आहे, २००८ मधे ते आधीच्या वादकाकडून टॅक्सीत विसरलं गेलं होतं आणि टॅक्सीवाल्याने ते प्रामाणिकपणे परत आणून दिलं. पण इथे मुद्दा हा की दुसरं वाद्य स्पर्धेने दिलेलं नव्हतं. ते द्यायला कुणीतरी तयार झालं कारण मधल्या चार वर्षांत हा माणूस काय आहे ते लोकांनी बघितलं होतं. माझ्या दृष्टीने त्याचं करिअर सुरू झालं ते इथे, २००६ मधे नाही.

पुढचं पटकन सांगते कारण तो आता 'उगवता' राहत नाही. २०११ मधे बोर्लेटी-बुइटोनी ट्रस्टची फेलोशिप. २०१४ मधे सिबेलिउसची सीडी आली, पण बरोबर थॉमस अडेसचा कॉन्चेर्तो जोडून, म्हणजे जिवंत संगीतकाराचं काम. २०१५ चं पहिलंवहिलं वॉर्नर म्युझिक प्राइझ, एक लाख डॉलर. २०१६ चा ग्रॅमी, आणि तो कशासाठी, तर ड्युटियोच्या 'लार्ब्र दे साँझ' साठी, सिएटल सिम्फनी आणि लुडोविक मॉर्लो यांच्याबरोबर. १९८५ चा कॉन्चेर्तो, तिकीट खिडकीवर गर्दी खेचणाऱ्यातला अजिबात नाही. वॉर्नर या मोठ्या रेकॉर्ड कंपनीकडे त्याची पहिली सीडी, पागानिनीचे चोवीस काप्रिस (एकट्या व्हायोलिनच्या अवघड रचना), आली २०१८ मधे. पदकानंतर बारा वर्षं! आजकाल एकवीस-बावीसच्या मुलांना कंपनी मिळाली नाही की घरात सुतक पडल्यासारखं वातावरण असतं, त्यांना मी हा आकडा सांगते.

म्हणून आईवडिलांनी 'माझ्या मुलाने काय करावं' असं विचारलं की मी हाडेलिखच्या आगीची गोष्ट सांगत नाही, मी त्याची २००७ ते २००९ ची वर्षं सांगते. त्या काळात बाहेरून बघणाऱ्याला काय दिसत होतं? एक विजेता, लहानमोठ्या ठिकाणी वाजवणारा, एकट्या व्हायोलिनच्या सीडी काढणारा. कुणी तेव्हा पैज लावली असती का? मला नाही वाटत मी लावली असती, खरं सांगते. मला तो कळला बराच नंतर, २०१९ च्या ब्राम्स आणि लिगेटीच्या रेकॉर्डिंगमधून. ब्राम्सच्या पहिल्या मूव्हमेंटमधे शेवटी एक जागा येते जिथे ऑर्केस्ट्रा थांबतो आणि सोलोइस्ट एकटा कॅडेन्झा वाजवतो. जवळजवळ सगळे तिथे योआखिमने लिहिलेला किंवा क्राइस्लरचा वाजवतात. हाडेलिख स्वतः लिहिलेला वाजवतो. मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा वही बंद करून बसले आणि मागे जाऊन 'फ्लाइंग सोलो' शोधली.

तुम्हाला ऐकायचं असेल तर माझ्यासारखं उलटं करू नका, 'फ्लाइंग सोलो' मधला बार्टोकचा सोनाटा आधी ऐका, हेडफोन लावून, आणि मग ब्राम्सच्या त्या कॅडेन्झाकडे या. मधे दहा वर्षं आहेत. उजवा हात लक्ष देऊन ऐका, बो दिशा बदलतो तो सांधा कुठे ऐकू येतो का ते बघा. मला अजून सापडलेला नाही.